एका श्वासाची जागा

सुनेत्राच्या ओट्यावर, मिसळणाच्या डब्याला टेकून, एक काळा वॉकीटॉकी उभा असायचा. त्याच्या बोलायच्या बटणावर हळदीचा डाग पडला होता आणि तो काही केल्या निघत नव्हता. घरात त्याला सगळे रेडिओच म्हणत. असे रेडिओ स्टेटन आयलंडसमोरच्या पर्थ ॲम्बॉयच्या पाण्याकाठी राहणाऱ्या सात-आठ मराठी घरांत होते. कुणाच्या मायक्रोवेव्हवर, कुणाच्या गाडीत, आणि नीलांबरीकडे तर चक्क देव्हाऱ्याशेजारी.

हे खूळ श्रीरंगकाकांचं. काका जुने इंजिनीअर, सगळा जन्म टेलिफोनच्या तारांत गेलेला, आता रिटायर होऊन टोमॅटो लावत बसलेले. दोन हजार एकच्या सप्टेंबरात टॉवर पडले त्या दिवशी नदीपलीकडे कामाला गेलेल्या माणसांचे फोन दिवसभर लागले नव्हते, आणि या घरांतल्या बायका एकमेकींच्या दारात उभ्या राहून नुसत्या रडत होत्या. गेलेली सगळी माणसं संध्याकाळी परत आली, पण काकांनी तो दिवस मनात धरला. पाण्याकाठच्या एका जुन्या विटांच्या गोदामाचा मालक त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या छतावर त्यांनी अँटेना उभी केली आणि खाली पत्र्याच्या कपाटात एक पेटी बसवली. तो रिपीटर. खालून कुणी हळू बोललं तरी तो उंचावरून ऐकायचा आणि त्याच क्षणी मोठ्याने सगळ्यांना ऐकवायचा. एरवी दोन गल्ल्यांपलीकडे न पोचणारे हे हातातले रेडिओ त्याच्या जोरावर अख्ख्या खाडीभर पोचू लागले. प्रत्येक घराने एकेक लायसन्स काढलं, त्यात नवरा-बायको-मुलं सगळी आली.

मग काय, दूध संपलं, बस चुकली, किल्ली आत राहिली, कोथिंबीर आहे का, सगळं त्या रिपीटरवरून सुरू झालं. संकटासाठी आणलेली वस्तू आपल्या घरांत फार दिवस संकटाची वाट बघत बसत नाही.

काकांचा नियम एकच होता. बोलणाऱ्याने बटण सोडलं की रिपीटर एक बारीक शीळ घालायचा. ती शीळ ऐकल्यावर लगेच बोलायचं नाही, एक श्वास थांबायचं. कारण दोघांनी एकदम बटण दाबलं तर रिपीटर जवळच्याचं ऐकतो आणि लांबचा बुडतो. आणि जवळचा जो बोलत असतो त्याला याचा पत्ताही लागत नाही, कारण बटण दाबलेलं असेपर्यंत त्याचा रेडिओ बहिरा असतो.

"लांब कुणी अडचणीत असेल तर त्याला मधे शिरायला जागा नको का?" काका म्हणत. "एका श्वासाची तर गोष्ट आहे."

याला 'श्रीरंगकाकांचा प्राणायाम' असं नाव पडलं होतं, आणि तो कुणी करत नव्हतं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू करण्यात आपली माणसं तरबेज. काका मधूनमधून रेडिओवरच ओरडत, "श्वास ठेवा, श्वास," आणि मागून कुणीतरी खुसखुसे.

या रिपीटरचा खरा उपयोग कुणाला होत असेल तर तो प्रतापला, सुनेत्राच्या नवऱ्याला. प्रताप रेवदंड्याचा. आठवडाभर पिस्कॅटवेच्या एका ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा आणि शनिवारी पहाटे आपली जुनी ॲल्युमिनियमची होडी ट्रेलरवर टाकून खाडीत जायचा. पट्टेरी बास मासा मिळाला की त्याला तो जिताड्याचा चुलतभाऊ म्हणे आणि तिखट-मीठ-चिंच लावून शेजाऱ्यांनाही वाटे. फोन तो गाडीतच ठेवायचा, कारण आधीचा एक फोन खाऱ्या पाण्याने खाल्ला होता. होडीत सोबत फक्त रेडिओ.

होडी घराकडे वळवली की त्याचा निरोप ठरलेला असे. "सुनेत्रा, भात टाक."

एवढंच. त्याला कुकरचा भात चालत नसे, पातेल्यात झाकण ठेवून शिजवलेला लागे. ती तांदूळ वैरायची. झाकण खडखडायला लागेपर्यंत तो होडी बांधून, ट्रेलर ओढत घरी आलेला असायचा आणि मागच्या दारी नळाखाली पाय धूत असायचा. चार वर्षांत हा हिशेब कधी चुकला नव्हता. कॉलेजात गेलेली त्यांची मुलगी मोना या सगळ्याला हसायची. "आई, यू गाइज आर सो वीअर्ड. टेक्स्ट का नाही करत?" पण शनिवारी भाताच्या वेळेला ती रटगर्सच्या हॉस्टेलमधून बरोब्बर घरी येऊन टपके.

दोन हजार पाचच्या दिवाळीआधीचा शनिवार. खाडीवर धुकं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एरवी पाणी, पाण्यातलं छोटं दीपगृह आणि पलीकडचा स्टेटन आयलंडचा काठ दिसे. त्या दिवशी मागच्या अंगणातला नळसुद्धा धड दिसत नव्हता. प्रतापने सकाळी एकदा रेडिओवर सांगितलं होतं, "दीपगृहाच्या अलीकडे आहे. धुकं आहे, पण वितळेल." ती बरं म्हणाली. चिवड्यासाठी पोहे भाजत होती, त्यामुळे आणखी काही बोलली नाही.

मग नीलांबरीचा आवाज आला. नीलांबरी नागपूरची, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहणारी, आणि गेल्या दहा वर्षांत सुनेत्राने जिच्यापासून काही लपवलं नाही अशी एकच मैत्रीण.

"सुनेत्रा, माझे अनारसे हसतायत गं. तुपात टाकले की पसरूनच जातात."

"अगं, तू त्यांना काही विनोद सांगितलास का?"

दोघी हसल्या. हात पिठात माखलेले, फोन कोण उचलणार. बटण कोपराने दाबलं की झालं. गूळ जास्त झालाय, थोडी कोरडी पिठी घाल, झाकून ठेव, मग एकच बाजू तळ, वरून झाऱ्याने तूप सोड. मग फराळाला कोण कोण येणार. मग शेजारच्या विनीताने दिवाळीसाठी पुण्याहून मागवलेली पैठणी कस्टममध्ये अडकली ती. सुनेत्रा रंगात आली होती. एकीची शीळ वाजते न वाजते तोच दुसरी सुरू. चांगला वेळ चाललं ते. खोबऱ्याचे काप करपले तेव्हा कुठे ती भानावर आली आणि बोलणं थांबवलं.

तिने तांदूळ धुऊन निथळत ठेवले आणि निरोपाची वाट बघू लागली.

निरोप आला नाही. धुकं वितळलं, ऊन पडलं, मोना घरी आली. काकांनी रिपीटरवरून हाका मारल्या, मग सुनेत्राने मारल्या, मग पोलिसांना कळवलं. दुपारी कालवं काढणाऱ्या एका माणसाला होडी सापडली. ती सरळ होती, कुठे ठेचकाळली नव्हती. इंजिन बंद होतं. बादलीत दोन मासे जिवंत होते. लाइफ जॅकेट सीटखाली होतं. प्रताप नव्हता आणि रेडिओ नव्हता.

शोध चालला, आणि मग थांबला. कधी थांबला ते तिला कुणी धड सांगितलं नाही. घरात इतकी माणसं होती की चहाची भांडी विसळून कपाटात जायच्या आत पुन्हा बाहेर येत होती. ओट्यावर धुतलेले तांदूळ तसेच राहिले होते. कुणीतरी ते टाकून द्यायला उचलले तेव्हा सुनेत्रा ते पातेलं हातातून सोडेना. त्या वेळी ती पहिल्यांदा रडली.

संक्रांतीपर्यंत कुणी रेडिओला हात लावला नाही. मग श्रीरंगकाकांनी घरोघरी फोन करून सांगितलं की दर शनिवारी सकाळी ते हजेरी घेतील, प्रत्येक घराने फक्त ठीक आहोत एवढं सांगायचं. "यंत्रावर राग काढू नका," ते म्हणाले. ते हे स्वतःलाच सांगत असावेत, कारण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

पहिल्या हजेरीला सगळे होते, आणि आता सगळे नियम पाळत होते. शीळ झाली की प्रत्येक जण एक श्वास थांबत होता. किती सोपं होतं ते.

तिची पाळी आली. "सुनेत्रा. आम्ही ठीक आहोत."

शीळ वाजली.

त्या एका श्वासात रेडिओत 'टक्' झालं. कुणीतरी बटण दाबलं की होतं तसं. मग बोलणं नाही, नुसती पोकळी, आणि पुन्हा शीळ. म्हणजे कुणीतरी बटण सोडलं होतं.

"कुणाचं बटण दाबलं गेलं?" काकांनी विचारलं. विनीता म्हणाली माझं नाही, नीलांबरी म्हणाली माझं नाही. काका म्हणाले ठीक आहे आणि हजेरी पुढे नेली.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. इतर कुणाच्या पाळीनंतर काही होत नव्हतं. फक्त सुनेत्राने शेवटचा शब्द उच्चारला, शीळ वाजली, की ते 'टक्' यायचं. एकदा काकांनी तिचा आणि स्वतःचा रेडिओ सोडून बाकी सगळ्यांना बॅटऱ्या काढून ठेवायला सांगितलं. तरी ते आलं. प्रत्येक रेडिओ बोलताना माणसाला ऐकू न येणारा एक सूर पाठवतो आणि तो सूर जुळला तरच रिपीटर उघडतो. काकांनी घरोघरी जाऊन सगळ्या रेडिओंचा सूर बदलला. हरवलेल्या रेडिओला आता ते दार उघडता येणारच नव्हतं.

शनिवारी ते उघडलं.

त्या दुपारी काका सुनेत्राकडे आले. चहा घेतला, चकली हातात धरून बसले, खाल्ली नाही.

"त्या रेडिओची बॅटरी एक दिवस टिकते," ते म्हणाले. "पाण्यात तासभरही नाही. मी सगळं तपासलं, सुनेत्रा. दुसरं कुणी असेल, कुठला लांबचा रिपीटर असेल, हवामान असेल, सगळं."

"कुठून येतं ते कळतं का?"

काकांनी चकली बशीत ठेवली. "पाण्याकडून. फार क्षीण आहे."

मोना जिन्यात उभी राहून ऐकत होती. काका गेल्यावर ती खाली आली. "आई, इट्स इंटरफिअरन्स. दॅट्स ऑल. प्लीज, तू असं नको करूस ना. बाबा इज गॉन." सुनेत्रा हो म्हणाली. पोरीचा चेहरा इतका उतरला होता की हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी नीलांबरी आली. हातात तिळाच्या वड्यांचा डबा होता आणि ती चपला काढून दारातच उभी राहिली.

"काल माझ्याकडे हळदीकुंकू होतं," ती म्हणाली. "तुला बोलावलं नाही मी. आईने फोनवरून दहादा बजावलं होतं, आणि माझी हिंमत झाली नाही."

"सोड गं. मी आलेही नसते." सुनेत्राला वाईट वाटलं होतं, पण ते इतक्या वाईटांच्या खाली होतं की तिथवर हात पोचत नव्हता.

नीलांबरी बसली नाही. "तेवढंच नाहीये. मी तुझ्याकडे यायचं टाळतेय ते त्याच्यामुळे नाही." तिने डबा ओट्यावर ठेवला, रेडिओपासून लांब. "त्या दिवशी तू पिठीचं सांगत होतीस ना मला, तेव्हा मधेच खरखरलं होतं. तुझा आवाज चिरला आणि मग परत नीट आला. मग अजून एकदा. तू पैठणीचं सांगत होतीस तेव्हा पण. मला वाटलं, रेडिओ आहे, होतं असं. मी हसत होते, सुनेत्रा. मी तुला थांबवायला पाहिजे होतं."

सुनेत्रा ओट्याला टेकून उभी राहिली. बोलणाऱ्याला कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. काकांनी हे किती वेळा सांगितलं होतं. दोन गल्ल्यांवरून ती बोलत होती आणि धुक्यातून, दीपगृहाच्या अलीकडून, प्रताप तिला हाक मारत होता. पुन्हा मारत होता. तिच्या गूळ-पिठीखाली त्याची हाक बुडत होती. रेडिओत त्याला काय ऐकू येत असेल, तर आपली बायको हसतेय. तिला छाती पिटून घ्यावीशी वाटली, पण समोर नीलांबरी इतकी थरथरत होती की तिनेच तिला जवळ घेतलं. दोघी ओट्याशी उभ्या राहून रडल्या. अनारशाचं नाव त्यानंतर त्या दोघींनी कधी काढलं नाही.

त्या दिवसापासून सुनेत्राला एक सवय लागली. कुणाशीही बोलताना वाक्य संपलं की ती थांबायची. दुकानात, बँकेत, मोनाशी. लोकांना वाटे तिला आणखी काही सांगायचंय.

मार्चमध्ये गोदाम विकलं गेलं. तिथे पाण्याकडे तोंड करून फ्लॅट होणार होते आणि नव्या मालकाला छत रिकामं हवं होतं. काकांनी सांगितलं, येत्या शनिवारची हजेरी शेवटची. हे सांगताना त्यांना सुटल्यासारखं वाटत असावं, आणि सुनेत्राला त्यांचा त्याबद्दल राग आला नाही.

शेवटच्या हजेरीला सगळी घरं होती. मोना त्या दिवशी स्वयंपाकघरात आईशेजारी बसली होती, हातात चहाचा कप घट्ट धरून. सुनेत्राची पाळी आली. तिने हळदीच्या डागावर अंगठा ठेवला. ठीक आहोत असं ती म्हणाली नाही.

"प्रताप," ती म्हणाली, "बोल. मी थांबलेय."

शीळ वाजली.

एक श्वास.

टक्.

या वेळी पोकळी नव्हती. पाणी होतं. ॲल्युमिनियमवर हलकेच आपटणारं पाणी, एकसारखं नाही, थांबून थांबून. लांब कुठेतरी पाण्यात तरंगणाऱ्या बोयाची घंटा. सगळ्या घरांत सगळे ते ऐकत होते.

पाण्याच्या मागे आणखी काहीतरी होतं. बारीक, होडीतल्याच एखाद्या स्पीकरमधून यावा तसा एक आवाज. एक बाई हसत होती.

"अगं, तू त्यांना काही विनोद सांगितलास का?"

मोनाने आईकडे पाहिलं. सुनेत्राचे ओठ मिटलेले होते.

रेडिओतली सुनेत्रा बोलतच होती. थोडी कोरडी पिठी घाल. झाकून ठेव. एकच बाजू तळ. मधे कुठे जागा नव्हती. आणि माइकच्या अगदी जवळ कुणीतरी बोलण्यासाठी श्वास आत घेतला, तो धरून ठेवला, आणि तसाच सोडून दिला.

शीळ वाजली.

मग काकांचा घोगरा आवाज आला. "मी बंद करतोय." रेडिओ मुका झाला.

मोना एरवी इंग्रजी मिसळल्याशिवाय मराठी बोलायची नाही. तिने कप खाली ठेवला आणि लहानपणी बोलायची तसं शुद्ध मराठीत म्हणाली, "आई, बाबा अजून थांबलेत."

दुसऱ्या दिवशी काकांनी अँटेना उतरवली आणि रिपीटर आपल्या गराजमध्ये नेऊन ठेवला, बॅटरीची तार तोडून. विनीताने विचारलं, मग आता हे रेडिओ फेकून द्यायचे का. काका म्हणाले, राहू द्या, थेट एकमेकांशी दोन गल्ल्यांपर्यंत चालतील. रेडिओच्या छोट्या पडद्यावरच्या सिग्नलच्या पट्ट्या आतापर्यंत रिपीटरचं अंतर दाखवत, आता त्या बोलणाऱ्याचं दाखवतील. एक पट्टी म्हणजे माणूस लांब आहे. सगळ्या भरल्या म्हणजे घरातच आहे.

पुढच्या शनिवारी पुन्हा धुकं आलं. मोना वर झोपली होती. सुनेत्राने खिडकीबाहेर पाहिलं, नळ दिसत नव्हता. तिने रेडिओ चालू करून मिसळणाच्या डब्याला टेकवला आणि स्टूल ओढून समोर बसली. बटणाला तिने हात लावला नाही. आपलं सगळं बोलून झालंय असं तिला वाटत होतं. आता बोलायचं ते त्याने.

चहा गार झाला. ती बसून राहिली.

टक्.

पडद्यावर एक पट्टी उमटली.

"सुनेत्रा," प्रताप म्हणाला, "भात टाक."

आवाज नेहमीचा होता. थोडा दमलेला, वाऱ्यातला. मग बटण सुटलं. शीळ वाजली नाही, कारण शीळ घालणारा रिपीटर आता नव्हता.

ती उठली. तांदूळ मोजले, धुतले, आधण ठेवलं. हात आपोआप चालत होते आणि डोळ्यांतून पाणी ओट्यावर पडत होतं. आनंद झाला होता हे तिला स्वतःला सांगावंसं वाटत नव्हतं, पण झाला होता. तिने तांदूळ वैरले आणि झाकण ठेवलं.

टक्. दोन पट्ट्या. कुणी बोललं नाही.

ती गॅससमोरून हलली नाही.

टक्. तीन.

पातेल्यातलं पाणी चढू लागलं. धुकं खिडकीच्या काचेला लागून उभं होतं.

टक्. सगळ्या पट्ट्या भरल्या, आणि भरलेल्याच राहिल्या. पलीकडे बटण दाबून धरलेलं होतं.

तिला ये म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला होता. पण पलीकडून कुणी बटण धरलेलं असताना मधे बोलायचं नाही, हे ती आता शिकली होती. तिने वाट पाहिली.

झाकण खडखडू लागलं.

झाकण रेडिओतही खडखडत होतं. तेच, त्याच तालात, बटण धरणारा याच ओट्याशी उभा असावा इतकं जवळून.

तिने गॅस बंद केला. झाकण थांबलं. रेडिओतलंही थांबलं.